निळ्या काठाचा आहेर

शिरूर, ६ फेब्रुवारी १९६३

बटणांच्या एजंटानं यंदा कॅलेंडरऐवजी ही डायरी दिली. महिनाभर ती कात्रीखाली पडून होती. आज लिहायला घेतली, कारण जे ऐकलं ते दुकानात बोलायला कुणी नाही आणि घरी बोललो तर खुर्शिद रडेल. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण माझी शाळा मराठी, त्यामुळे हात मराठीतच चालतो.

सकाळी कवठे येमाईहून पाशामामा आले. माझे सासरे. रोजे चालू आहेत, तेव्हा चहाचाही आधार नाही. मशीनवर पडलेलं टेरिलीनचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि सोडून दिलं.

"मियाँ, ईद झाली की माग मोडतो," म्हणाले. "सुतार लाकूड न्यायला तयार हाय. आम्ही दोघं भिवंडीला पुतण्याकडं जाऊ. तिथं पावरलूमवर कायतरी काम मिळंल."

"या वयात?"

"मग काय करू? बायका गिरणीचं पातळ नेसतात, बाप्यांना टेरिलीन पायजे. मी इणू कुणासाठी?"

मामांच्या घरात दोन माग आहेत. शेजारच्या दोघांनी आपापले माग गेल्याच वर्षी उचलले, त्यातला एक भिवंडीला गेलासुद्धा. जन्नतबी, म्हणजे माझ्या सासूबाई, कवठ्याबाहेर कधी आठ दिवस राहिलेल्या नाहीत. त्या भिवंडीच्या चाळीत काय करतील?

मामा गेले आणि कासुर्डीचा मल्हारी आला. इथं बहिणीकडे आला होता. आहेरात मिळालेलं सदऱ्याचं कापड पुढ्यात टाकलं. हिरव्या चौकडीचं.

"शिवायचं?" मी विचारलं.

"छ्या! हे कोण अंगात घालतंय? इस्त्री फिरवून द्या. परवा भाच्याच्या लग्नात द्यायचंय."

तो तुकडा मी ओळखला. कोपऱ्यावर चहाचा पुसट ठिपका आहे. गेल्या वर्षात हाच तुकडा माझ्याकडे तिसऱ्यांदा इस्त्रीला आला, दरवेळी निराळ्या गावाच्या माणसाकडून. आमच्याकडे लग्नात पुरुषाला सदऱ्याचं कापड देऊन मान करतात आणि तो माणूस ते जपून पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतो. कापड जाळीसारखं विरळ असतं, पण घडी छान बसते. एकदाही अंगाला न लागता ते तालुकाभर फिरतं. मी शिंपी असून त्याला फक्त इस्त्री करतो.

८ फेब्रुवारी

खुर्शिदला सांगावंच लागलं. रडली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "तळेगावच्या बापूसाहेबांच्या जयसिंगचं लग्न वैशाखात हाय न्हवं?"

मी म्हटलं, त्याचा इथं काय संबंध? मग अंथरुणावर पडल्यावर मला एकदम कल्पना सुचली. जयसिंगच्या लग्नाचा सगळा आहेर मामांच्या मागावरचा असावा! असं घट्ट, घामाला चांगलं कापड मिळालं तर लोक ते शिवतील, घालतील. घातलं की पुन्हा मागतील. खुर्शिदला उठवून सांगितलं. "व्हय, चांगलं सुचलं तुम्हाला," म्हणाली आणि कुशीवर वळली.

१८ फेब्रुवारी

तळेगाव ढमढेऱ्याला जाऊन आलो. बापूसाहेब सोसायटीचे चेअरमन. त्यांचे सदरे मी बारा वर्षं शिवतो. सोसायटीच्या कचेरीत खताच्या पोत्यांमध्ये बसले होते, शेजारी त्यांचे मेहुणे हौसराव. हौसराव पुण्याच्या एका कापडवाल्याची एजंटी करतात, तेव्हा आहेर आपल्याच हातून जायचा हे त्यांनी धरूनच ठेवलंय.

मी भाषण पाठ करून गेलो होतो. "बापूसाहेब, कापडानं तिघांना सुख द्यावं. इणणाऱ्याला, शिवणाऱ्याला आन् घालणाऱ्याला. आता इणणाऱ्याचं बघा..."

"अयुब," हौसराव मध्येच म्हणाले, "तुझ्या सासऱ्याचं कापड लई टिकतं म्हणं. आमच्या म्हाताऱ्याचं धोतार त्याच्याच मागावरचं. आता बैलाच्या पाठीवर टाकतोय. बैल तक्रार करीत न्हाई!"

सगळे हसले. बापूसाहेबही हसले, पण हसता हसता माझ्या अंगातला सदरा बघत होते. तो मामांच्याच कापडाचा. "बघू. इचार करू," म्हणाले. माझे 'शिवणारा' आणि 'घालणारा' दोन्ही सांगायचे राहिले.

२० फेब्रुवारी

खुर्शिद साखरआजींच्या चोळ्या द्यायला तळेगावला गेली. साखरआजी म्हणजे बापूसाहेबांच्या आई. त्यांची चोळी खुर्शिदशिवाय कुणाच्या हातची बसत नाही. द्यायला कितीसा वेळ लागतो? पण रोजा सोडायच्या जरा आधी घरी पोचली. मी रागावलो.

२२ फेब्रुवारी

बापूसाहेबांचा माणूस निरोप घेऊन आला. आहेर पाशाभाईच्या मागावरचा करायचं ठरलं! पांढऱ्यावर बारीक रेघ. आधी एक सदरा बापूसाहेबांसाठी शिवायचा, ते पाडव्याला घालून बघणार.

म्हणजे माझं बोलणं लागू पडलं. अर्धंच ऐकलं, पण मुद्द्याचं ऐकलं.

२ मार्च

ईद पार पडली. खुर्शिदला घेऊन कवठ्याला गेलो तो माग मोडायला नव्हे, उभ्या धाग्यांचा ताणा लावलेला बघायला. मामा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते आणि धोटा असा पळत होता की जन्नतबी म्हणाल्या, "यांच्या अंगात वारं शिरलंय."

एका गोष्टीवरून वाद झाला. कापडाच्या काठात एक निळा धागा दिसला. बापूसाहेबांनी सांगितला नव्हता. मामा म्हणाले, "खुर्शिदनं सांगितलाय."

"कशाला?" मी खुर्शिदला विचारलं. "काठ आखडतो म्हणून आम्ही शिंपी तो कापूनच टाकतो. जे कापून टाकायचं त्याला शोभा कशाला?"

"असू द्या. मला आवडतो," म्हणाली.

बायकांना रंगाचा शौक. एका धाग्यानं मामांचं काय जाणार आहे, म्हणून सोडून दिलं.

२७ मार्च

काल पाडवा. बापूसाहेबांचा सदरा शिवताना मन लावून शिवला. खरं म्हणजे असलं हातमागाचं कापड आधी भिजवायचं असतं, मग बेतायचं. पण बापूसाहेबांनी बजावलं होतं, पाडव्याला कोरंच पाहिजे. पाण्यातून काढलेलं म्हणजे वापरलेल्यासारखं. गेली काही वर्षं गिरणीच्याच कापडावर हात चालतोय, ते न भिजवता शिवतोच. म्हटलं, होऊन होऊन किती आटेल?

बापूसाहेब गुढीपुढे उभे राहिले आणि चार लोकांनी विचारलं, कापड कुठलं? असा निरोप आला. मामांना कळवलं. ते दिवा लावूनही विणतात म्हणे.

१ एप्रिल

लिहायला नको वाटतं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सदरा परटाकडे गेला. काल सोसायटीच्या सभेला बापूसाहेब तो घालून आले. मी मुद्दाम गेलो होतो. त्यांनी बोलायला हात वर केला आणि बाही कोपराकडे पळाली. सदरा बेंबीपर्यंत चढला. पोटावरचं बटण सुटून टेबलावर पडलं.

हौसराव मोठ्यांदा म्हणाले, "दाजी, नातवाचा सदरा घातला का वो?"

सभा हसली. एक म्हातारा खुर्चीवरून घसरला. बापूसाहेबांनी तशातच पूर्ण अहवाल वाचला, एका हातानं सदरा खाली ओढत. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाले, "अयुब, माझं एक येळ चालंल. पण दोनशे पाव्हण्यांच्या सदऱ्यांचं असं झालं तर जयसिंगच्या लग्नाची आठवण म्हणून लोक काय सांगत फिरतील? आहेर बंद."

चूक कापडाची नव्हती. माझी होती. पण बंद झाला मामांचा माग.

२ एप्रिल

कवठ्याला जाऊन सांगितलं. निम्म्याहून जास्त कापड विणून झालंय. घरात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे गुंडाळ्या. मामांनी धोटा खाली ठेवला. "भिजवलं का न्हाई, मियाँ?" म्हणाले. मी सांगितलं, कोरं पाहिजे होतं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. "सुताराला थांबवून ठेवलंय. त्याला निरोप द्यावा लागंल," म्हणाले. जन्नतबींनी मला जेवायला वाढलं आणि स्वतः आत जाऊन बसल्या.

घरी आलो. खुर्शिदनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या मी तळेगावला जाते. साखरआजींची चोळी दंडात दाटतीय."

माझा संसार बुडायला आलाय आणि हिला चोळीच्या दंडाची काळजी.

६ एप्रिल

आज बाजाराचा दिवस. दुकानापुढे बैलगाडी थांबली आणि तिच्यातून साखरआजी उतरल्या. मागून बापूसाहेब, शाळेत आणलेल्या पोरासारखे. आजी सत्तरीच्या पुढच्या, पण हातात काठी फक्त दाखवायला. खुर्शिदनं त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं.

"शिंप्या, इकडं ये," आजी म्हणाल्या. "तू कापड भिजवलं का न्हाई?"

"आजी, कोरं पायजे होतं."

"कोरं म्हंजी काय?"

मी बापूसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं.

"पाण्यातनं काढलं न्हाई ते," मी म्हणालो.

"कुणी सांगितलं? अरं, माझ्या लग्नात सासऱ्यानं लुगडं आणलं, ते कोष्ट्यानं नदीत तुडवूनच दिलं हुतं. मानसाच्या अंगाला लागलं न्हाई, ते कोरं. पान्याला कसला आलाय इटाळ? पान्यानं देव धुतो आपण." मग लेकाकडे वळल्या. "ह्या गिरन्या आल्या आन् तुमाला कांजीचा वास आला की कोरं वाटाया लागलं. बापू, तुला येवढं ठावं न्हाई?"

"आई, मला कोण सांगणार?"

"मी सांगती की! मला इचारलंस का कवा?"

बाजारातली माणसं थांबून ऐकायला लागली होती. बापूसाहेब हसले. त्यांना हसता येतं, म्हणूनच ते चेअरमन आहेत. "अयुब, सगळं कापड भिजवून काढायचं. माझा दुसरा सदरा शिव. पण एक अट. जयसिंगला पटव. त्याला टेरिलीनच पायजे. नवरदेव टेरिलीनमधी आन् पाव्हण्यांना जाडंभरडं, असं दिसलं तर लोक म्हणतील चेअरमननं पैसं वाचवलं."

आजी गाडीत चढताना खुर्शिदला म्हणाल्या, "दंड आता बसला गं बाई बरोबर."

देवाची कृपा, नेमक्या याच वेळी आजींना बाजाराला यायचं सुचलं.

१० एप्रिल

घोडनदीवर आख्खं घर कामाला लागलं होतं. मामा, जन्नतबी, त्यांचे शेजारी, मी, खुर्शिद. गुंडाळ्या भिजवल्या, सावलीत वाळवल्या, ओलसर असतानाच ताणून घड्या घातल्या आणि रात्रभर दगडाखाली ठेवल्या. सकाळी घडी उलगडली तर कापड हाताला वेगळंच लागलं. अंगचं मऊ. बापूसाहेबांचा सदरा शिवला, मग मुद्दाम धुतला. बोटभरही आटला नाही.

१६ एप्रिल

दौंडला जाऊन आलो. जयसिंग तिथं स्टेशनवर माल बुकिंगला क्लार्क आहे. अंगात मोतिया रंगाचा टेरिलीनचा बुशकोट, खिशात पेन. चांगला पोरगा आहे, पण पुण्याला शिकून आलेला.

मी मालधक्क्यावरच सुरुवात केली. "जयसिंगराव, कापडानं तिघांना सुख द्यावं..."

"अयुबचाचा, हे तुम्ही आमच्या वडिलांना सांगितलंत. मला माहितीय. टेरिलीनला इस्त्री लागत नाही. रात्री धुतलं की सकाळी तयार. सांगा, तुमच्या कापडाला हे जमतं?"

"न्हाई जमत."

"मग?"

'मग'चं उत्तर माझ्याकडे होतं, पण लांब होतं. ऊन असं होतं की रूळ डोळ्यांना लागत होते. जयसिंगच्या पाठीला बुशकोट चिकटला होता आणि तो सारखा दोन बोटांनी सोडवत होता. तेवढ्यात शंटिंगचं इंजिन फुसफुसत शेजारून गेलं. धुराबरोबर कोळशाचे जळते कण उडाले. दोघांच्याही अंगावर पडले. मी माझ्या खांद्यावरचा झटकला, तपकिरी ठिपका तेवढा राहिला. जयसिंग मात्र ओरडला. त्याच्या बाहीला वितळून भोक पडलं होतं आणि कडा कातडीला चिकटली होती. आत फोड आला.

"हे या महिन्यातलं दुसरं," म्हणाला. चेहरा पडला. "आता साहेब तपासणीला येणारेत. या अवतारात कसा उभा राहू?"

मी माझा मामांच्या कापडाचा सदरा काढून दिला. दुसरं काय करणार? माप जवळपास सारखंच. त्याचा भोक पडलेला बुशकोट मी घातला. तो साहेबापुढे गेला, मी स्टेशनच्या नळाखाली डोकं धरून बसलो. संध्याकाळी गाठ पडली तेव्हा सदरा परत मागणार होतो, पण तो बाह्या दुमडून झाडाखाली आरामात बसला होता, चहा पीत.

"चाचा, याला वारा लागतो हो," म्हणाला.

"म्हणूनच म्हटलं, कापडानं तिघांना..."

"माझं लग्नाचं माप घ्या. आणि हा सदरा आजचा दिवस राहू द्या."

शेवटी पटलं त्याला. माणूस शिकलेला असला की मुद्दा लवकर समजतो. एसटीत मात्र त्या टेरिलीननं मला शिरूरपर्यंत वाफेवर शिजवलं. घरी पोचलो तर खुर्शिद दारातच हसायला लागली, हसता हसता खाली बसली.

माझा सदरा अजून परत आलेला नाही.

६ मे

काल लग्न लागलं. तळेगावात बापूसाहेबांच्या दारात एवढा मांडव मी पाहिला नव्हता. जयसिंग पांढऱ्या सदऱ्यात उभा होता, वर फेटा, अंगाला हळदीचा वास. टेरिलीनवाले पाहुणे मांडवाच्या कडेला उपरण्यानं वारा घेत उभे होते.

आहेर पुकारायला भोंग्यावर हौसरावच होते. आहेराची एजंटी हुकल्यामुळे आवाज बसलेला. "कासुर्डीचे मल्हारीराव यांस आहेर..." मल्हारीनं घडी घेतली, सवयीनं काखेत मारायला गेला आणि थांबला. अंगठ्यानं कापड चोळलं. उलगडलं. सूर्याकडे धरलं. पलीकडचं काही दिसेना, तसा शेजाऱ्याला म्हणाला, "आयला, हे तर शिवायजोगं हाय!"

मला एवढंच ऐकायचं होतं.

पाशामामांना बापूसाहेबांनी मानकऱ्यांच्या रांगेत बसवलं. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते उठेचनात. त्यांना वाटलं, दुसरा कुणी पाशा असेल. जन्नतबींनी मागून ढोसलं तेव्हा उठले. स्वतःच विणलेलं कापड त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. बापूसाहेबांच्या अंगात दुसरा सदरा होता. त्यांनी मुद्दाम दोन्ही हात डोक्यावर नेऊन नमस्कार केला. सदरा जागचा हलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हौसरावांनीसुद्धा.

१२ जून

कासुर्डीला एका ओळखीच्या घरचं लग्न होतं. मलाही आहेर मिळाला. घडी हातात पडली. आपलंच कापड फिरून आलं असेल तर? एसटीत उघडायचा धीर होईना. घरी येऊन खुर्शिदच्या हातात दिलं. तिनं आधी काठ बघितला.

"काठ काय बघतेस?"

"सवय," म्हणाली.

गिरणीचं विरळ कापड होतं, हिरव्या चौकडीचं. कोपऱ्यावर चहाचा ठिपका! एवढं भिकार कापड मिळाल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. खुर्शिदनं त्याचे लगेच दोन तुकडे केले आणि चहाची गाळणी शिवली. तो तुकडा आता कुठं फिरणार नाही.

२५ जुलै

दुकानात नवीन ताप सुरू झालाय. लोक खुर्शिदसाठी चिंध्या आणून देतात. आज एसटीच्या कंडक्टरनं एक पुरचुंडी दिली, कासुर्डीच्या अनसाबाईनं पाठवलेली. गेल्या आठवड्यात दौंडहून आली, त्याआधी न्हावऱ्याहून. सगळे कापलेले काठ. मी स्वतः कापून टाकतो तेही ती झाडून गोळा करते आणि सगळं एका गाठोड्यात बांधते.

"काय करणार याचं?" मी विचारलं.

"काठ मजबूत असतो. दोरी वळीन, नाड्या करीन."

"तालुकाभराच्या लेंग्यांना पुरतील एवढ्या?"

चोळ्या घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला हे सांगून ठेवलंय तिनं. शिंप्याची बायको चिंध्या मागते, लोकांना काय वाटत असेल! पण सध्या मला बोलायला वेळ नाही. निळ्या काठाचं कापड आणून लोक सदरे शिवायला देतात. हात दुखून येतो.

३० सप्टेंबर

काळजीची बातमी. सोसायटी यंदापासून सभासदांना दिवाळीला सदऱ्याचं कापड देणार. दरसाल. हे काम मामांना मिळालं तर दोन्ही माग बारा महिने चालतील आणि शेजारचे दोघंही परत बसतील. लग्नाचं काम संपल्यापासून एक माग थांबूनच आहे. हे नाही मिळालं तर जानेवारीत भिवंडी, असं मामा म्हणाले.

पण हौसरावांनी उठवलंय की लग्नातलं कापड लोकांनी शिवलंच नाही, ट्रंकेत ठेवलंय. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त निघतील आणि सगळं फिरायला लागेल. पंचही मान डोलवायला लागलेत. रविवारी सभा आहे. बापूसाहेब म्हणाले, "अयुब, तू बोल. तुझं ते तिघांचं सगळं सांग. या वेळी कुणी मधी तोंड घालणार न्हाई."

आतापासूनच पाठ करतोय. खुर्शिद म्हणते, मी पण येते.

६ ऑक्टोबर

सभा झाली.

सोसायटीच्या पटांगणात एवढी माणसं. बाया ओट्यावर, मध्ये साखरआजी. हौसराव आधी बोलले. चांगलं बोलले, खोटं कशाला लिहू. "अयुब शिंपी म्हणंल लोकांनी शिवलं. त्याच्या दुकानात आलेलं त्यानं बघितलं असंल. बाकीचं कुठं हाय? टरंकेत हाय! आपण जे अंगात घालत न्हाई, ते दरसाल इकत घ्यायचं का?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी उठलो. घसा साफ केला. "पंचमंडळी, कापडानं तिघांना..."

तेवढ्यात खुर्शिद ओट्यावरून उतरली. डोक्यावरचा पदर सारखा केला, काखेतलं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली.

काठ बाहेर सांडले. टेबलावरून खाली, पंचांच्या पायांवर. ढीग वाढतच गेला. प्रत्येक चिंधीत एक निळा धागा.

"कापड शिवल्याबिगर काठ निघत न्हाई," खुर्शिद म्हणाली. आवाज लहान, पण मागपर्यंत पोचला. "हे आमच्या दुकानातले. हे कासुर्डीचे, अनसाबाईंनी धाडले. हे दौंडचे. हे न्हावऱ्याचे. टरंकेतलं कापड काठ देत न्हाई, हौसमामा."

कुणीतरी मागून ओरडलं, "हौसराव, तुमचाबी काठ हाय का बघा त्यात!"

ओट्यावरून त्यांच्याच बायकोचा, गिताबाईंचा आवाज आला. "हाय की! यांनी लग्नातलं कापड मलाच शिवायला लावलं. उन्हात दुसरं अंगाला लावूनच घेत न्हाईत."

हशा असा उठला की कचेरीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. हौसराव लाल झाले, मग त्यांनाही हसू आलं. कोटाची बटणं सोडून त्यांनी आतला सदरा दाखवला. "घ्या! माझंबी मत घ्या!"

सगळे हात वर गेले. एकाही हाताबरोबर सदरा वर चढला नाही.

साखरआजी खुर्शिदला जवळ बसवून काहीतरी म्हणाल्या. दोघी हसत होत्या. माझं भाषण याही वेळी राहिलं. तरी बापूसाहेबांनी पाठीवर थाप मारली, "झकास झालं, अयुब." म्हणजे सुरुवात परिणामकारक झाली असावी. खुर्शिदनं नाड्यांसाठी जमवलेल्या चिंध्या अशा वेळेवर कामाला याव्यात, हाही नशिबाचाच भाग. परत येताना एसटीत तिला मी तसं म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नशीब तर हायच. असा नवरा मिळाला."

२० ऑक्टोबर

कवठे येमाई. दिवाळीच्या फराळाचे डबे शेजारपाजारहून आलेत, घरात चकलीचा वास. भिवंडीला गेलेला तो शेजारी परत आला. आज त्याचा माग पुन्हा बसवला. लाकूड जुनंच, पण पायानं दाबायच्या पावड्यांना बांधायच्या दोऱ्या उंदरांनी खाल्लेल्या. बाजारात जाऊन येईपर्यंत संध्याकाळ झाली असती.

खुर्शिदनं पिशवीतून दोरी काढली. काठांची वळलेली, पिळात निळे धागे. किती दिवस वळत होती, मला दिसलंही नाही. मामांनी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली. तुटली नाही.

पावड्यांना बांधली. शेजारी खड्ड्यात उतरला, पाय ठेवला, दाबला. ताणा उघडला आणि धोटा पलीकडे गेला. मग मामा आपल्या मागावर बसले. त्यांच्या दुसऱ्या मागावर दुसरा शेजारी बसला. असा तिसरा सुरू झाला तेव्हा एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. जन्नतबी दारात उभ्या राहून काहीतरी ओरडून सांगत होत्या. सुतार आला होता म्हणे, लाकूड विचारायला. त्याला त्यांनी चौथा, त्या दुसऱ्या शेजाऱ्याचा माग दुरुस्त करायला बसवलं.